यवतेश्वरचा घाट चढण्याआधी

जुनी, कापडी टपाची छोटी गाडी घेतली. व्यवहार झाला, चावी हातात आली, आईने चाकाखाली लिंबू ठेवून गाडीला ओवाळलं. आता एकच वाटतं, टप मागे टाकावा आणि साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने थेट कासच्या पठारावर निघावं. एक महिना थांबा. या महिन्यात गाडीची ओळख करून घ्या, मग घाट.

माझी गाडी सॅन स्टॉर्म आहे, 2003 सालची, पुण्याहून आणलेली. गोव्यात बनलेली, दोन सीटची, कापडी टपाची, फायबरच्या बॉडीची. आत रेनॉचं 1149 सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद 60 अश्वशक्ती. हल्लीच्या साध्या हॅचबॅकलासुद्धा याहून जास्त ताकद असते. या गाडीची सगळी मजा तिच्या वजनात आहे, म्हणून ओळखही वजनापासूनच सुरू करायची. आरसी काढा आणि त्यावर गाडीचं रिकामं वजन किती लिहिलंय ते बघून पाठ करा. नऊशे किलोच्या गाडीत 75 किलोचा माणूस बसला, तर गाडीच्या वजनाचा बारावा हिस्सा एकदम वाढतो. 40 लिटर पेट्रोल म्हणजे आणखी 30 किलो. मोठ्या एसयूव्हीत हे कळतही नाही. हलक्या गाडीत मात्र एकटे असताना आणि शेजारी कुणी असताना ब्रेक वेगळा लागतो, वळण वेगळं जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच रस्ता दोनदा चालवा, एकदा एकटे आणि एकदा कुणाला तरी सोबत घेऊन. मी वाढे फाटा ते संगम माहुली असा जवळचाच टप्पा धरला होता.

कागद लगेच उरकून टाका. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, जुन्या मालकावर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर तोच राहतो, माझी अजून एमएच 12 च आहे. परराज्यातून आणत असाल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते कधी संपतंय ते आरसीवर बघा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. एवढं झालं की फाइल कपाटात ठेवा आणि गाडीकडे वळा.

फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण फायबरचे आजार वेगळे असतात. माझ्या मिस्त्रींनी हात साताऱ्यातच, प्रिया स्कूटरवर बसवलेला. आपल्या एमआयडीसीत प्रिया बनायची तो काळ. त्यांनी पहिल्याच दिवशी हातातला पाना खाली ठेवला आणि बोटाच्या पेराने गाडी वाजवायला सुरुवात केली. बोनेट, दरवाजे, चाकांवरच्या कमानी, सगळीकडे टक टक टक. मला म्हणाले, "ताई, कुंभाराकडं माठ घेताना कसा वाजवून घेता, तसंच. खणखणीत वाजलं तर थर धरून आहेत. बद्द वाजलं तर आतून सुटलंय." डाव्या मागच्या कमानीवर बोट आलं आणि आवाज खरंच बसला. वरून रंग अगदी नितळ होता. जवळ वाकून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघितलं तेव्हा एका बिंदूपासून निघालेल्या केसासारख्या भेगा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. कधीतरी बसलेला मार होता तो. असं दिसलं की घाबरू नका, फक्त जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि दर महिन्याला भेगा वाढतायत का ते बघा. वाढत असतील तर आतल्या बाजूने काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती घट्ट धरणाऱ्या रेझिनचे थर देऊन दुरुस्त करता येतात. वरून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारणाऱ्याला हात लावू देऊ नका.

वर फायबर असलं तरी खाली लोखंड आहेच. गाडी उचलून चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघा, विशेषतः जोड आणि सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलंय त्या जागा. इथे एक सक्त सूचना. जॅक कुठे लावायचा ते आधी शोधा, तिथे पिवळा रंग लावा आणि कुणालाही दुसरीकडे जॅक लावू देऊ नका. मी नसताना एका पंक्चरवाल्याने नेहमीच्या गाडीसारखा कडेच्या पट्टीखाली जॅक लावला. करकर आवाज आला तेव्हा शेजारच्याने ओरडून थांबवलं. तेव्हापासून डिकीत लाकडाचा चौकोनी ठोकळा असतो आणि जॅक मीच लावते.

फायबरमधून वीज वाहत नाही, ही गोष्ट तर गॅरेजवालेही विसरतात. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वीज बॉडीतूनच बॅटरीकडे जाते. फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर असते आणि ती कुठेतरी चॅसीला बोल्टने कसलेली असते. वीस पावसाळ्यांनंतर त्या बोल्टखाली हिरवट पांढरी बुरशी धरते. मग इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो आणि लोक उगाच नवी बॅटरी, बॅटरी चार्ज करणारा नवा अल्टरनेटर घेत बसतात. एक रविवार यालाच द्या. अर्थचा एकेक बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने टोक चकचकीत करा, परत कसा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. नंतर मल्टिमीटर लावून बघा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवं.

पेट्रोलचं जरा सविस्तर सांगते. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच शिवारातल्या उसाचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2003 ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप दोन बोटांत धरून वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागलं तर तो बदलायचाच. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, गाडीला प्रेशर झेपणारा, इथेनॉल चालणारा पाइप मागा आणि क्लिपाही नव्या घ्या. पाइप वाजवी दरात मिळतात. इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर फायबरची गाडी विझवायला वेळ मिळत नाही, म्हणून मी सीटमागे एक किलोचं अग्निशामक ठेवलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, तेव्हा महिनोन् महिने गाडी उभी ठेवायची असेल तर जुनं पेट्रोल टाकीत तसंच राहू देऊ नका. इथेनॉलच्या पेट्रोलमधून लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटलं तर ते इंजिनच्या माथी मारू नका.

इंजिनाचं थोडक्यात. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या आतली हालचाल ठेक्यात ठेवणारा पट्टा, कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं समजा. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करून घ्या. ऑइल आणि कूलंट नवं. मग अंगणात गाडी चालू ठेवून रेडिएटरचा फॅन स्वतःहून फिरतोय का ते पाहा. तो फिरलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घाटाचं नाव नको.

टायरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. टायरच्या कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही खोल दिसली तरी, काढून टाका. कमी चालवलेल्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, वाळतात. नख रुतत नसेल तर रबर मेलं. हलक्या गाडीचं वजन कमी, त्यामुळे कडक टायर लवकर गरमही होत नाही आणि ओल्या रस्त्यावर धरही धरत नाही. हवेचं प्रेशर गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच, आणि सकाळी, चाकं थंड असताना. पंपावरचा मुलगा सवयीने सगळ्यांना 35 भरतो. त्याला आधी सांगा, नंतर स्वतःच्या गेजने तपासा. दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इकडचं तिकडं झालं तरी या गाडीचं स्टिअरिंग लगेच सांगतं. तो फरक मुद्दाम एकदा अनुभवून बघा, म्हणजे पुढे कधी हवा कमी झाली तर हातालाच कळेल.

आता डिकी रिकामी करा. जुन्या मालकाची छत्री, पाण्याच्या बाटल्या, रबरी मॅटवर टाकलेल्या आणखी दोन मॅट, सगळं बाहेर. माझ्या गाडीतून 14 किलो सामान निघालं, घरच्या काट्यावर मोजलं मी. आता आत राहतं ते एवढंच: जॅक, लाकडी ठोकळा, पाना, स्टेपनी, फ्यूज, फॅनबेल्ट, एक लिटर पाणी, टॉर्च आणि मऊ कापड.

टपाकडे पावसाळ्याआधी बघायला हवं. साताऱ्याचा पाऊस सरळ पडत नाही, यवतेश्वरच्या डोंगराकडून तिरपा येतो आणि शिवणीतून वाट काढतो. एकाने आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून हलक्या धारेने पाणी मारावं आणि कुठे थेंब येतो तिथे खडूने खूण करावी. पाणी निघून जायची भोकं पालापाचोळ्याने बुजलेली असतात, ती नायलॉनच्या जाड दोरीने मोकळी करा. ओला टप कधीच घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर कोरडं फडकं फिरवू नका. आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मग टिपा.

रस्ताही नव्याने शिकावा लागतो, कारण तुम्ही आता खूप खाली बसलेले असता. घर ते कामाचं ठिकाण या वाटेवरचे सगळे गतिरोधक एकदा दुसऱ्या गाडीने मोजून या. कोणता उंच आहे, कोणत्यावर पांढरे पट्टे पुसलेत, कोणता तिरपा घ्यावा लागेल, ते लक्षात ठेवा. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर ही गाडी कोरेगाव किंवा रहिमतपूरच्या रस्त्याला काढू नका. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. उंच गाडीतून निदान ट्रॉलीचा आकार तरी दिसतो. आपले डोळे ट्रॉलीच्या आसाच्या उंचीला असतात आणि समोर फक्त काळोख दिसतो. याबाबतीत मी स्वतःला एकही सूट देत नाही. ट्रकवाल्यांनाही आपण दिसत नाही, म्हणून हायवेवर त्यांच्या बरोबरीने चालू नका. एकतर पुढे जा, नाहीतर मागे राहा.

शेवटची तयारी ब्रेकची आणि पायाची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डीओटी 4 या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं 155 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की घाट उतरताना पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला, रंगावर थेंब पडू देऊ नका. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. म्हणून रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, 40 च्या वेगावरून जोरात ब्रेक दाबून बघितला. चाक लॉक होण्याआधी पेडलमधून एक बारीक थरथर येते, ती ओळखेपर्यंत दहा-बारा वेळा केलं. पाय किंचित सैल करून परत दाबायचा, हे अंगवळणी पडायला हवं. दुसरी गोष्ट वळणाची. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, मागे वजन नाही. वळणाच्या मध्येच दचकून ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू हलकी होऊन बाहेर सरकते. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा.

एवढं सगळं झालं की मग एका सकाळी सहाला निघा. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढा, टप बंद ठेवूनच, म्हणजे नवे आवाज ऐकू येतात. साताऱ्यापासून कास साधारण 25 किलोमीटर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांसाठी येणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा पहिली फेरी दुसऱ्या कुठल्या महिन्यात ठेवा. वर गेल्यावर गाडी सावलीत लावा आणि हाताचा तळवा प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, धरून बघा. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. बोनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का पाहा. जमिनीवर ओला डाग आहे का पाहा. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक थोडाथोडा दाबत. घरी आल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि चाकांचे सगळे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने, परत तपासा. नवे टायर बसवल्यावर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरांत हे नट थोडे सैल पडू शकतात. माझ्या उजव्या पुढच्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले होते.