फ्युएल पंप बदलण्याआधी टाकी बघा

पावसाळा लागला की फोंड्यातल्या माझ्या गॅरेजात चिखलाने माखलेल्या मारुती जिप्सी येतात आणि तक्रार बहुधा एकच असते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, जंगलात तासभर रांगली की चढावर दम सोडते, वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की पुन्हा व्यवस्थित चालते. मालक म्हणतो, "बाब, पंप गेला. मोठा घाला."

मोठा पंप घालायची घाई करू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोल त्याच्या मोटरमधूनच पुढे जातं. त्याला थंड ठेवायला पेट्रोलशिवाय दुसरं काहीच नाही. पंप तापतोय म्हणजे टाकीत पेट्रोल कमी आहे, असलेलं गरम झालंय किंवा वाहताना कुठेतरी अडतंय.

जिप्सीत बलेनोचं 1.6 लिटरचं इंजिन टाकलं की लोक सोबत ताशी 255 लिटर फेकणारा पंपही बसवतात. दगडांवरून पहिल्या गिअरात रांगताना हे इंजिन त्यातलं फारच थोडं पेट्रोल जाळतं. रिटर्न लाइन असेल तर उरलेलं सगळं इंजिनजवळच्या रेलपर्यंत (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) जाऊन तिथली उष्णता घेऊन टाकीत परत येतं, आणि असं दिवसभर चालतं. पंप जितका मोठा, तितकी टाकी लवकर गरम. टर्बो बसवला नसेल तर इंजिनच्या मूळ गरजेपेक्षा थोडासा वरचढ पंप पुरतो.

आधी दुखणं पंपाचंच आहे का ते पाहा. रेलवर प्रेशर गेज लावा आणि गाडी बंद पडायला लागेपर्यंत गरम होऊ द्या. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनात साधारण 3 बार दाब असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा. काटा खाली आला तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. दाब जागेवर आहे आणि तरी इंजिन बंद पडतंय, तर गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा ठिणगीची इग्निशन कॉइल तपासा.

आता वायरिंग. मल्टिमीटर थेट पंपाच्या दोन टोकांना लावा. इंजिन चालू, हेडलाइट, फॅन आणि लाइट बार सगळं चालू. बॅटरीवर 14 व्होल्ट असतील तर पंपावर 13.5 तरी मिळायला हवेत. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत 11 व्होल्ट मिळत होते. पंप धडधाकट होता, पण टाकीवरचा कनेक्टर तपकिरी पडून अर्धा वितळला होता आणि अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता. व्होल्टेज कमी पडलं की मोटर हळू फिरते, पेट्रोल कमी वाहतं, आणि थंडावाही तेवढाच कमी होतो. उपाय सोपा आहे: बॅटरीपासून 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या करंटने चालू होणारा स्विच) 30 नंबरच्या पिनला, 87 नंबरच्या पिनमधून पंपाला. पंपाची जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरा. डॅशबोर्डवर स्वतंत्र स्विच देऊन पंप कायम चालू ठेवू नका. गाडी उलटली किंवा इंजिन बंद पडलं तर ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) पंप थांबवलाच पाहिजे, यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

गोव्यात खरा त्रास देतात ते पाणी आणि लाल माती. 2023 पासून ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली की जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. तो गंज पंपाच्या तळाच्या जाळीवर बसतो, पंपाला पेट्रोल ओढायला जड जातं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि तो कण्हायला लागतो. तो आवाज ओळखायला शिका. जाळी काढून उजेडात धरा. तांबूस-काळी दिसली तर बदला आणि टाकीही आतून साफ करून घ्या. पंपाच्या पुढचा फिल्टर तुंबला तर प्रकार वेगळा: पंप आणि फिल्टरच्या मध्ये दाब वाढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि जळते.

टाकीचा ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा घेणारी नळी, कोणी बघतच नाही. कुळ्याकडच्या ओढ्यांतून किंवा सत्तरीतल्या चिखलातून गाडी गेली की त्याचं तोंड मातीने बुजतं. पेट्रोल कमी होतं तशी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर पंप निर्वात टाकीतून ओढत राहतो. झाकण उघडताना हवा आत खेचली गेली तर ब्रीदर बंद आहे असं समजा. नळी उंच, बॉडीच्या आतून वर न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा, आणि गाडी उलटल्यावर पेट्रोल अडवणारा व्हॉल्व्ह काढू नका.

पंप बाहेर बसवला असेल तर तो टाकीच्या जवळ आणि तळापेक्षा खाली हवा, कारण हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नाहीत. सायलेन्सरच्या बाजूला तर अजिबात नको. सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून लावलेली छोटी जादा टाकी) असेल तर रिटर्नचं गरम पेट्रोल शेवटी मोठ्या टाकीत जाईल अशी जोडणी करा, नाहीतर तेच दीड-दोन लिटर फिरत राहून उकळायला येतं. टाकीच्या आत बुडणारा होजही त्यासाठीच बनवलेला घ्या. साधा होज फुगतो आणि फाटतो.

सपाटीवर पाव टाकी ठीक, पण जंगलात शिरताना निदान अर्धी ठेवा. चढावर पेट्रोल मागे सरकतं आणि पंप उघडा पडतो.

जंगलातच बंद पडली तर सावलीत घ्या, बॉनेट उघडा, इंजिन थंड होऊ द्या आणि कॅनमधलं पेट्रोल ओता. त्याने पातळी वाढते आणि टाकीही निवते. मात्र गरम टाकीत दाब असतो. झाकण थोडं थोडं सैल करत उघडा, आणि ओतताना आसपास कोणी विडी पेटवलेली नाही ना, हे आधी बघा.