सोलापूरहून गोलघुमट: मनोरा चढायचा तर सकाळीच

सोलापूरकरांची विजापूरची सहल बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. आरामात नाश्ता करून नऊला निघायचं, साडेअकराला पोचायचं, भर उन्हात गोलघुमटाचा मनोरा चढायचा आणि वर जाऊन ऐकायचं काय, तर दोनशे पोरांचा आरडाओरडा. घुमटाखालची ती गोल गॅलरी शांततेतच बोलते. म्हणून बेत आखताना आधी सकाळची वेळ पक्की करा आणि गाडी, जेवण, बाकीची ठिकाणं त्या वेळेभोवती बसवा.

दरवाजा सकाळी सहाच्या सुमाराला उघडतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास बंद होतो. सात ते नऊ ही वेळ सर्वांत चांगली. महिन्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचे, मात्र डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि दहाच्या पुढे बसच्या बस रिकाम्या होतात. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर नऊच्या आत खाली उतरलेलं बरं, कारण वरची गच्ची दगडी आहे आणि सावली नाही. वार निवडता आला तर मंगळवार ते गुरुवारमधला घ्या. रविवारी गर्दी असते, आणि समोरच्या नगारखान्यातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे: भारतीयांना रोख 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. संग्रहालयाचं तिकीट वेगळं. ऑनलाइन तिकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा, म्हणजे त्याच ठिकाणी वेळही तपासली जाते आणि सकाळी खिडकीशी सुट्ट्या पैशांची वाट बघत उभं राहावं लागत नाही.

सोलापूर ते विजापूर अंतर साधारण शंभर किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर विजापूर रोडने सैफुल, सोरेगाव, टाकळी असं जायचं, भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, मग धुळखेड, झळकी, होर्ती आणि विजापूर. महामार्ग 52 चौपदरी आहे, पहाटे पावणेदोन तास पुरतात. सातला दाराशी उभं राहायचं तर पाचला घर सोडा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे रात्रीच बघा.

एसटीने किंवा कर्नाटकच्या बसने दोन ते अडीच तास धरा. इथे एक गोष्ट हमखास घोळ करते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असतं ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं, 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांचा मोफत प्रवासही तसाच. हद्दीपलीकडचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. कर्नाटकची महिलांसाठीची मोफत बसयोजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, सोलापूरचं आधारकार्ड दाखवून उपयोग नाही. कंडक्टरशी हुज्जत घालण्यापेक्षा तेवढे पैसे हिशेबात धरलेले बरे.

रेल्वेने जाणाऱ्यांनी स्टेशन शोधताना ‘विजयपुरा’ असं नाव टाकायचं, 2014 पासून सरकारी नाव ते आहे. गाडी होटगीवरून गदगच्या मार्गाला वळते. काही गाड्या सोलापूर स्टेशनात न येता होटगीवरूनच जातात, म्हणून तिकिटावर चढायचं स्टेशन कोणतं ते नीट वाचा, नाहीतर गाडी होटगीत आणि तुम्ही सोलापूरच्या फलाटावर. रेल्वेचा मोठा फायदा असा की विजापूर स्टेशन गोलघुमटाच्याच बाजूला, शहराच्या पूर्वेला आहे. दीडेक किलोमीटर, चालत जाण्यासारखं. बसस्थानक मात्र शहराच्या मध्यात आहे, तिथून रिक्षा करावी लागते. पहाटेची कुठलीच गाडी जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन विजापुरात मुक्काम करणं हा सर्वांत सुखाचा मार्ग.

आता चढण. इमारत म्हणजे एक प्रचंड चौकोनी दालन, चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे, प्रत्येक सात मजल्यांचा. जिना मनोऱ्याच्या बाजूने भिंतीतून गोल वळत वर जातो. तुम्हाला पोचायचंय ती गॅलरी जमिनीपासून सुमारे 33 मीटरवर आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने अकरा मजली इमारत. पायऱ्या शंभराच्या वर, उंच, अरुंद आणि कडेला झिजलेल्या. दोन माणसं एकमेकांना ओलांडताना एकाला भिंतीला चिकटावं लागतं. काही वळणांवर अंधार असतो, त्यामुळे एक हात मोकळा हवा आणि मोबाइलचा टॉर्च हाताशी. मोठी सॅक पाठीवर नको, ती भिंतीला घासते आणि मागच्याच्या तोंडावर येते. रबरी तळव्याचे बूट किंवा पक्के सँडल घाला. साडी असेल तर निऱ्या थोड्या वर खोचा. पाणी खाली प्या आणि एक बाटली सोबत ठेवा, वर मिळत नाही.

एका दमात चढू नका. प्रत्येक मजल्यावर कमानीच्या खिडक्या आहेत, तिथे वारा येतो आणि थांबायला जागा असते. दम खायचा तो तिथेच. मधल्या पायरीवर बसलात तर मागची रांग अडते, आणि अंधारात कुणीतरी तुमच्यावर आदळतं. चढायला वीस मिनिटं धरा, उतरायला पंधरा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कारण पायऱ्या उंच आहेत आणि प्रत्येक पावलाला सगळं वजन एका गुडघ्यावर येतं. अशा मंडळींनी खालीच थांबावं, त्यात काही कमीपणा नाही, खाली बघण्यासारखं भरपूर आहे. छातीचा त्रास असलेल्यांनी आणि कडेवरचं मूल घेतलेल्यांनी जिन्याच्या वाटेला जाऊच नये.

सातव्या मजल्यावरून गच्चीवर येता. समोर घुमट असतो, त्याच्या बुडाशी दगडी कमळपाकळ्यांचा वेढा. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे 44 मीटर. बहुतेक लोक इथे फोटोंत अर्धा तास घालवतात आणि मग आत जातात, तोवर शांतता संपलेली असते. उलट करा. आधी घुमटाच्या भिंतीतल्या छोट्या दारातून आत शिरा. भिंत जवळपास तीन मीटर जाड आहे, त्यामुळे ते दार म्हणजे चक्क बोगदा वाटतो. पलीकडे तीन-सव्वातीन मीटर रुंदीची गोल गॅलरी, आणि खाली बघितलं की कबरी.

गॅलरीत काय करायचं, हे ठरवून जा. आधी कुजबूज: एकाने इथे थांबायचं, दुसऱ्याने अर्धी फेरी मारून बरोबर समोर जायचं. मधलं अंतर 38 मीटरच्या घरात. बोलणाऱ्याने समोरच्याकडे तोंड न करता भिंतीकडे करायचं आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर हळू बोलायचं. ऐकणाऱ्यानेही कान भिंतीजवळ न्यायचा. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो, मधल्या पोकळीतून थेट जात नाही. लोक कठड्याला रेलून समोरच्याला हाका मारतात आणि ‘काही ऐकू येत नाही’ म्हणत परततात, त्याचं कारण हेच.

मग प्रतिध्वनी. एकच टाळी वाजवा, कोरडी, आणि पूर्ण गप्प बसा. ती सात ते दहा वेळा परत येते. सलग टाळ्या वाजवल्या की जुना आवाज आणि नवा आवाज एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. यामागचा हिशेब सोपा आहे. आवाजाला 38 मीटर ओलांडायला सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. दोन आवाज वेगळे ओळखायला कानाला साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर लागतं. समोरच्या भिंतीवरून परत यायला आवाजाला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे एखाद्या अक्षरापुरतीच उसंत मिळते. म्हणून लांबलचक वाक्य चिखल होतं आणि ‘ओ’ किंवा चुटकी स्वच्छ परतते. अख्खं नाव ओरडण्यात मजा नाही, पण नव्वद टक्के लोक तेच करतात. दुसरं कुणी प्रयोग करत असेल तर त्यांना संपवू द्या, मग तुमची पाळी. मुलांना कठड्यापासून आत ठेवा.

गच्चीवरचे फोटो आता काढा आणि उतरा. खालचं दालन आतून सुमारे 41 मीटर चौरस आहे आणि मध्ये एकही खांब नाही. मान वर करून कोपरे बघा: एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन चौकोन असावेत तशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनाचा अष्टकोन होतो, आणि त्यावर घुमट बसतो. कमानींमधले आत झुकलेले भाग घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर पेलतात. हे एकदा दिसलं की इमारत कशी उभी आहे ते कळतं, आणि ते गाइडशिवायही दिसतं. चौथऱ्यावरच्या कबरी मोहम्मद आदिलशाह आणि त्याच्या घरच्यांच्या, रंभा नर्तकीचीही त्यांत आहे. ही वरची निशाणं, खरी दफनं खाली तळघरात. आदिलशाह 1627 ते 1656 गादीवर होता. दक्षिण दारावरच्या कोरीव फारसी ओळींतून त्याच्या मृत्यूचं हिजरी 1067 हे वर्ष निघतं. वास्तुकार म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगतात, म्हणजे कोकणचा माणूस. वर न चढलेल्या मंडळींना दालन आणि संग्रहालय मिळून तासभर सहज जातो.

साडेनऊ-दहाला इथून सुटलात तर अर्धा दिवस हातात उरतो. जेवण खानावळीत करा, ज्वारीची रोट्टी आणि भरल्या वांग्याची एण्णेगाई. सोलापुरी जिभेला परकं काहीच वाटणार नाही. मराठी बहुतेक ठिकाणी चालतं. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, ‘सगळं फिरवून आणतो’ या एकरकमी सौद्यात कोणती ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार हे मोजून घ्या.

मनोऱ्याने भागलं नसेल तर शहराच्या पश्चिमेला उपळी बुरुज आहे. (याच नावाचा बुरुज नळदुर्गातही आहे, नकाशात शोधताना गफलत नको.) 1584 च्या सुमाराला हैदरखानाने बांधलेला, सुमारे 80 फूट उंच, तटाला न जोडलेला एकटा गोल बुरुज. टेहळणीसाठीच तो. पायऱ्या बाहेरच्या अंगाने वळसा घेत वर जातात, त्यामुळे गोलघुमटासारखा अंधार नाही, पण सावलीही नाही. पावसात त्या निसरड्या होतात, तेव्हा सोडून द्या. दुपारी चारनंतर चढा, वर दोन लांब तोफा आहेत, मोठी 30 फुटांहून लांब, आणि पूर्वेला सकाळी चढलेला घुमट अख्ख्या शहरावर बसलेला दिसतो. जवळच शेरजा बुरुजावर मुलूख-ए-मैदान तोफ: 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टन. 1854 मध्ये तिचा लिलाव पुकारला गेला आणि बोली आली 150 रुपये, मग तो रद्द झाला.

उपळी बुरुजावरून सहाच्या आत खाली या आणि बसस्थानक गाठा. काही बसवरच्या पाट्या फक्त कन्नडमध्ये असतात, त्यामुळे चढण्याआधी कंडक्टरला ‘सोलापूर?’ विचारा, आणि ती थेट जाते की इंडीमार्गे, हेही विचारा. इंडीमार्गे गेली तर उशीर होतो. रेल्वेने परतणार असाल तर सोलापूरला उतरता येतं की होटगीलाच, हे तिकीट काढतानाच बघून ठेवा, कारण रात्री होटगीहून शहरात यायला रिक्षा शोधावी लागते.