नमदा रंगवताय? या चुका टाळा

पिंजलेली लोकर साबणाच्या पाण्यात चोळून, गुंडाळून एकदा घट्ट नमदा तयार झाला की तो रंगवणं आणि सुती ओढणी रंगवणं यांत फार फरक आहे. सुट्या लोकरीत रंग सहज आरपार जातो. नमद्यात तंतू एकमेकांत गच्च अडकलेले असतात, त्यामुळे रंगाला आत शिरायला वेळ लागतो. इथे इंदूरमध्ये माझ्याकडे जे बिघडलेले तुकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे हा वेळ वाचवायची घाई असते. जमत असेल तर लोकर आधी रंगवा आणि मग नमदा करा, हे मी प्रत्येकाला सांगते. पण पांढरा माल तयार ठेवून गिऱ्हाइकाच्या पसंतीचा रंग द्यायचा असेल, तर पुढचं नीट वाचा.

साबण आत राहू देणं

डाग पडले की सगळे रंगाच्या पुडीला दोष देतात. मी आधी विचारते, नमदा किती पाण्यांतून काढला? उत्तर बहुधा ‘दोन’ असं येतं. जाड नमद्याच्या पोटातला साबण दोन पाण्यांत निघत नाही.

त्यात आपलं पाणी. नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण कित्येक घरांत वापरायला बोअरिंगचंच, आणि ते जड. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट थर दिसतो ना, तोच नमद्याच्या आत बसतो आणि तिथे रंग धरत नाही.

याहून वाईट सवय म्हणजे साबण पुरता निघायच्या आधीच ‘शेवटचं पाणी’ म्हणून व्हिनेगर ओतणं. आम्लामुळे साबण फुटतो, त्यातली चरबी मोकळी होते आणि लोकरीवर तेलकट पापुद्र्यासारखी बसते. मग रंगात ढगांसारखे फिके पट्टे उमटतात. त्यांच्यावर आणखी रंग चढवून काही होत नाही.

माझी पद्धत अशी: कोमट, मऊ पाण्यात नमदा बुडवायचा, तळहातांनी दाबायचा, पाणी बदलायचं. पिळायचा नाही, आकार जातो. दाबून निघालेलं पाणी बाटलीत भरून जोरात हलवायचं. फेस आला की पुन्हा पाणी बदलायचं. फेस थांबला की मगच थोडं व्हिनेगर घातलेलं पाणी. व्हिनेगर आधी पडून पट्टे उमटलेच, तर तुकडा सौम्य डिटर्जंटच्या कोमट पाण्यात भिजवून सगळं पहिल्यापासून करायचं. डिटर्जंट, साबण नव्हे. जड पाण्यात त्याचा साका होत नाही.

मोठी आच आणि सुरुवातीलाच आम्ल

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीने लग्नाच्या ऑर्डरसाठी घरात घालायच्या चपला करायला घेतल्या. तळव्यासाठी बोटभर जाडीचा नमदा, रंग गडद निळा. नमदा सुंदर झाला होता, कुठेही विरळ नाही. तिने तो पातेल्यात टाकला, रंग आणि व्हिनेगर एकदमच ओतलं आणि गॅस मोठा केला. पंधरा मिनिटांत पाणी स्वच्छ झालं. सगळा रंग लोकरीने घेतला म्हणून ती खूश. वाळल्यावर तळवे कापले, तर प्रत्येक कडेला दोन निळ्या रेघा आणि मधे पांढराशुभ्र पट्टा.

‘काकू, रंग खोटा निघाला,’ म्हणत ती आली. रंग अस्सल होता. आम्लात लोकरीवर धन भार येतो आणि ॲसिड रंगाचे, म्हणजे आम्लाच्या मदतीने लोकरीवर बसणाऱ्या रंगाचे, ऋण भाराचे कण तिला झटकन चिकटतात. आम्ल पहिल्यापासून आणि वर भरपूर आच, म्हणजे बाहेरच्या थरानेच सगळा रंग ओढून घेतला. आत जायला काही उरलंच नाही. ते कापलेले तुकडे तिने घरी आणखी गडद रंगात उकळूनही पाहिले होते. पांढरा पट्टा कडेवर निळसर झाला, पण वरचा थर इतका भरला की मोज्यांना रंग लागायला लागला. तळवे नव्याने करावे लागले.

चपलेसारखी कापायची वस्तू असेल तर आधी कापा, मग रंगवा. रंगाच्या पातेल्यात ती आणखी थोडी आटते, तेवढी जागा सोडून कापा. आणि रंगाच्या आदल्या रात्री नमदा पाण्यात भिजत ठेवा. पाण्याखाली दाबून बुडबुडे काढा. जो तरंगतो त्याच्या पोटात हवा आहे. तो बुडाल्याशिवाय मी पातेल्याजवळ नेत नाही.

नंतर साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात नुसता रंग, आम्ल अजिबात नाही. अर्धा तास तसंच, मधूनमधून अलगद उलटत. मग बारीक आचेवर हळूहळू ८५–९० अंशांपर्यंत. वाटेत दोनदा थोडं थोडं आम्ल, दर वेळी नमदा बाहेर काढूनच, कारण धार जिथे पडते तिथे डाग बसतो. पीएचची, म्हणजे पाणी किती आंबट ते दाखवणारी कागदी पट्टी ४ ते ५ च्या मधे आली की पुरे. त्या तापमानाला तासभर, जाड असेल तर जास्त. मग गॅस बंद, झाकण, आणि रात्रभर त्याच पाण्यात. घाईने गार पाण्याखाली धरलात तर सुरकुत्या पडतात आणि नमदा आक्रसतो. खळखळ उकळी आणि सतत ढवळणं यानेही तेच होतं.

रंग घेताना ‘लेव्हलिंग’ प्रकारचे ॲसिड रंग मागा. ते सावकाश पसरतात आणि आत जातात. ‘मिलिंग’ प्रकार धुण्याला जास्त टिकतात, पण जाड नमद्यावर सारखे बसवायला अवघड. नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बाकीच्या, थोडक्यात

सगळ्या कपड्यांना चालणाऱ्या रंगाच्या पुड्या नकोत. त्यांतला सुतासाठीचा भाग लोकरीवर पक्का होत नाही, धुताना निघत राहतो.

सुताला मीठ टाकतात म्हणून इथे टाकू नका. सुतावर मीठ रंगाला आत ढकलतं, लोकरीच्या ॲसिड रंगात ते त्याला उलट मागे रोखतं.

चमच्याने रंग मोजणं बंद करा. कोरड्या नमद्याच्या वजनावर १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम, मध्यम छटेसाठी. काळ्याला याच्या तीन-चार पट लागतो. छोटा तराजू घ्या आणि पूड मोजताना तोंडावर मास्क बांधा.

ॲल्युमिनियमचं पातेलं आम्लाने खातं, लोखंडाचं रंग मळकट करतं. स्टीलचं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

रंग अजिबात चढलाच नाही, तर लोकर तपासा. दोन तंतू जाळा: खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक गाठ होते. पिंजलेल्या लोकरीतही भेसळ सापडते, आणि तिच्यावर ॲसिड रंग बसणार नाही.

ओली छटा नेहमी गडद दिसते. त्याच नमद्याची एक पट्टी आधी रंगवून, वाळवून बघा. नमुना न दाखवता ऑर्डर घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांचा परत आलेला माल दुरुस्तही करत नाही.

वाळवताना नमदा दोरीवर टांगू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, हाताने आकार सरळ करा आणि जाळीवर सावलीत आडवा ठेवा. पावसाळ्यात जाड तुकड्याला तीन-चार दिवसही लागतात. रोज उलटा आणि पंखा चालू ठेवा, नाहीतर कुबट वास धरतो.