नवऱ्याची नोकरी परदेशात, आपली कुठे?

नवऱ्याने ऑफर लेटरवर सही करायच्या आधीच आपल्या नोकरीचा विषय काढा. आगाऊपणा वाटेल, पण कंपनी मोकळ्या हाताने देते ती सही होईपर्यंतच. जोडीदाराला नोकरी शोधायला काही मदत मिळते का, भाषेच्या वर्गाची फी मिळते का, हे त्याला एचआरकडे विचारायला लावा आणि जे कबूल होईल ते ईमेलवर घ्या. नोकरी विद्यापीठात असेल तर तिथे 'ड्युअल करिअर' विभाग (जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत करणारा) आहे का बघा. युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असतो.

मग व्हिसा. ओळखीतल्या कोणाला काम करता आलं म्हणून आपल्यालाही येईल असं नसतं. अमेरिकेत एच-४ वर (एच-1बी या वर्क व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) सरसकट काम करता येत नाही. 2015 पासूनच्या नियमानुसार नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालेला असेल, किंवा त्याच्या एच-1बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल, तरच ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, मिळतं. एल-2 वरच्या (कंपनीने आपल्याच अमेरिकेतल्या शाखेत बदली केलेल्या माणसाच्या) पत्नीला मात्र वेगळं ईएडी लागत नाही. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या (ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचा काम-वास्तव्याचा परवाना) जोडीदाराला कामाची मोकळीक आहे. सिंगापूरमध्ये मे 2021 पासून नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. आणि 'जुनीच नोकरी तिथून ऑनलाइन करेन' म्हणत असाल, तर पगार मायदेशीच्या खात्यात पडतो म्हणून सुटका नाही. बसून काम जिथे करताय तिथला व्हिसा आणि कर दोन्ही आधी तपासा.

निघण्यापूर्वी जुन्या कंपन्यांकडून नीट अनुभवपत्रं घ्या. 'अमुक ते अमुक काळ कार्यरत होत्या' एवढ्या एका ओळीला परदेशात कोणी विचारत नाही. हुद्दा, कामाचं स्वरूप, हाताखाली किती माणसं, कोणती सॉफ्टवेअर, सगळं त्यात यायला हवं. एकदा परदेशी गेल्यावर जुन्या एचआरकडून हे मिळवणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक यांचा रस्ता निराळा. त्यांना आधी परवाना, मग नोकरी. बाकीच्यांनी पदवीच्या मूल्यमापनावर (आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची याचा दाखला) लगेच पैसे घालू नयेत. कोणी मागतंय का ते आधी बघावं. जर्मनीसाठी 'अनाबिन' या डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ आणि पदवी फुकट शोधता येते.

आता खरं काम. मी औषध कंपनीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये होते, पंधराएक वर्षं. एका कागदाचे दोन भाग केले: सीमेपलीकडे जसंच्या तसं चालणारं एकीकडे, मायदेशीच राहणारं दुसरीकडे. डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून काही सुटलं तर त्याचा) तपास, कापा (चूक दुरुस्त करून ती पुन्हा होऊ न देण्याची पद्धत), पुरवठादारांची ऑडिट, आयसीएच या औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना हे सगळं पहिल्या भागात. स्थानिक परवाने, सरकारी कार्यालयांतल्या ओळखी, कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलून वाद मिटवणं हे दुसऱ्या भागात. (हे शेवटचं माझं सगळ्यात मोठं कसब होतं. वाईट वाटलं, पण ते नव्या बाजारात विकलं जाणार नव्हतं.) अकाउंट्समधल्या बाईचं आयएफआरएस (हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम) बऱ्याच देशांत चालतं, जीएसटी मागेच राहतो.

अर्ज फक्त पहिल्या भागाच्या जोरावर करायचे. माझ्या रेझ्युमेवर आधी होतं: 'मॅनेजर, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, विभागाची संपूर्ण जबाबदारी.' यातून परक्या माणसाला काहीच कळत नाही. ते काढून लिहिलं: 'कच्च्या मालाच्या पुरवठादारांची ऑडिट स्वतः केली, त्रुटींचा पाठपुरावा बंद होईपर्यंत केला, परदेशी नियामकांच्या तपासणीत कागदपत्रं मांडली.' त्यानंतर फोन आले ते मॅनेजरच्या नव्हे, सप्लायर क्वालिटीच्या जागांसाठी.

हुद्दा एक पायरी खाली आला तर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण क्षेत्र सोडून 'सध्या काहीतरी' म्हणून धरलेली नोकरी जपून घ्या. घर चालवायला लागत असेल तर प्रश्नच नाही. नुसता वेळ जात नाही म्हणून घेऊ नका. पुढचा माणूस रेझ्युमेवर शेवटची नोकरीच आधी वाचतो.

जाहिरातींवर अर्ज टाकत राहाच, पण त्याच कामातल्या लोकांना लिंक्डइनवर थेट लिहा. नोकरी मागू नका, नेमका प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे पुरवठादारांचं ऑडिट क्वालिटी विभाग करतो की परचेस? बाहेरून आलेल्या ऑडिटरला स्थानिक भाषा कितपत लागते?' अशा प्रश्नाला उत्तर द्यायला लोकांना आवडतं. 'काही ओपनिंग असेल तर कळवा' याला बहुतेक जण उत्तरच देत नाहीत.

मुलाखतीत मधल्या खंडाबद्दल विचारतीलच. 'कुटुंबासह इथे आले, आता कामाचा परवाना आहे' एवढं एका दमात सांगून कामावर यायचं. नवऱ्याची पुन्हा बदली झाली तर, असा प्रश्न काही जण आडून विचारतात. त्याचं उत्तर घरी आधीच ठरवून ठेवा, आणि दोघांनी मिळून. मुलं आजारी पडली की सुट्टी कोण घेणार, हेही त्याच बैठकीत.