ब्रिटनमध्ये निरोप घेताना या चुका टाळा

ब्रिटनला गेलेली आपली मुलं मुलाखत देतात, भाडेकरार वाचतात, आणि अडखळतात ती दारातून निघताना. कारण पाठ्यपुस्तकातला 'गुडबाय' तिथे रोजच्या बोलण्यात फारसा वापरतच नाहीत. नुसता म्हटला तर कोरडा, कधीकधी रागावल्यासारखा वाटतो. 'बाय' किंवा 'सी यू' म्हणा.

सर्वात जास्त घोटाळा 'सी यू लेटर'चा. नव्या विद्यार्थ्यांचं हे नेहमीचं: प्रयोगशाळेतला सहकारी दुपारी 'सी यू लेटर' म्हणून घरी जातो, नवा विद्यार्थी संध्याकाळपर्यंत थांबतो आणि दुसऱ्या दिवशी 'आला का नाहीस?' म्हणून विचारतो. समोरच्याला कळतच नाही काय चुकलं. यात भेट ठरलेली नसते. गल्ल्यावरची अनोळखी बाईसुद्धा असंच म्हणते. मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, आणि उत्तरेकडे ऐकू येणारं 'इन अ बिट'ही तसंच. वार आणि वेळ सांगितली तरच भेट धरा. 'यू मस्ट कम राउंड समटाइम' यालाही हीच कसोटी लावा.

दुसरी मोठी चूक घाईची. बोलणं संपलं की 'ओके, बाय' म्हणून फोन ठेवणं उद्धट वाटतं. आधी 'राइट' किंवा 'राइट देन', मग निघायचं कारण: 'आय बेटर लेट यू गेट ऑन', म्हणजे तुमचं काम चालू द्या. समोरचा 'येस, मी टू' असं काही म्हणेपर्यंत थांबा. मग आभार, 'टेक केअर', आणि शेवटी दोघांचं दोन-तीनदा 'बाय, बाय'. पंधरा सेकंदही लागत नाहीत, तरी शिकणारे हेच गाळतात. नुसते शब्द पाठ करण्यापेक्षा हा क्रम अंगवळणी पाडा.

'टूडल-पिप' आता गमतीतच म्हणतात. 'चीरिओ' वयस्करांकडे, आणि स्कॉटलंडमध्ये जरा जास्त. 'टा' म्हणजे आभार, निरोप नव्हे. 'टा-रा' मात्र निरोपाचा, बर्मिंगहॅम-लिव्हरपूलकडचा. बर्मिंगहॅम आणि शेजारच्या 'ब्लॅक कंट्री' नावाच्या भागात 'टा-रा अ बिट'. ऐकून ओळखा, पण नक्कल करू नका, उसनी बोली खटकते. 'चीअर्स' बिनधास्त वापरा, आभार आणि निरोप दोन्ही त्यात येतात. ब्रिस्टलला बसमधून उतरताना चालकाला 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणतात.

आणि 'येतो'चं भाषांतर करून 'आय विल कम' म्हणू नका, यजमान चहाची तयारी करून बसेल.