जठररसातील आम्ल कसे मोजावे

जठरातील आम्ल मोजणे म्हणजे नमुन्यात पीएच मीटर बुडवून आकडा टिपणे नव्हे. पीएचवरून रस किती आम्लधर्मी आहे एवढेच समजते; जठराने तासाभरात किती आम्ल स्रवले हे काढायचे असेल, तर जमलेल्या रसाचे आकारमान आणि त्यातील आम्लाचे प्रमाण या दोन्ही गोष्टी हाताशी असाव्या लागतात.

रुग्ण रात्रभर उपाशी असावा. आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील, तर ती किती दिवस आधी थांबवायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्यांनी नाकावाटे जठरात नळी घातल्यावर आधीपासून साचलेला रस काढून त्याचे आकारमान नोंदवावे आणि तो हिशोबातून वगळावा. त्यानंतर एक तासभर, दर 15 मिनिटांचा रस वेगळ्या बाटलीत, याप्रमाणे चार नमुने घ्यावेत. हा मूलभूत स्राव होय. मग पेंटागॅस्ट्रिन हे आम्लस्राव वाढवणारे औषध, प्रत्येक किलो वजनामागे 6 मायक्रोग्रॅम, त्वचेखाली टोचून आणखी चार नमुने गोळा करतात. हा उत्तेजित स्राव होय. रुग्णाने लाळ गिळू नये, बाहेर टाकावी. प्रयोगशाळेतील चुकांपेक्षा या टप्प्यातील चुका निकाल अधिक बिघडवतात, कारण नळीचे टोक जागेवर नसेल तर निम्मा रस खाली आतड्यात उतरतो आणि अचूक अनुमापनानेही (अल्क थेंबाथेंबाने मिसळून आम्ल मोजण्याच्या पद्धतीनेही) तो परत मिळत नाही.

प्रत्येक नमुन्याचे आकारमान मोजून रंग पाहावा. हिरवट झाक दिसली तर पित्त मिसळले आहे असे समजावे. त्यासोबत येणारा अल्कधर्मी रस आम्ल उदासीन करतो, म्हणून तशी नोंद अहवालात हवीच. चिकट श्लेष्मा गाळून घेतलेल्या रसातील 5 मिली पिपेटने चंचुपात्रात घ्यावा आणि पीएच 7 होईपर्यंत ब्युरेटमधून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. हे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होते, त्यामुळे त्याची नॉर्मलता, म्हणजे तीव्रता, वेळोवेळी तपासणे आवश्यक आहे. पूर्वी मुक्त आम्लासाठी टॉप्फरचा दर्शक आणि एकूण आम्लासाठी फिनॉल्फ्थॅलीन वापरत. पीएच मीटर उपलब्ध असताना रंगबदलाच्या अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही.

गणित सोपे आहे. 5 मिली रसाला 4 मिली अल्क लागले, तर 4 ला 20 ने (0.1 × 1000 ÷ 5) गुणून प्रतिलिटर 80 मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाच्या प्रमाणाचे एकक) आम्ल येते. त्या 15 मिनिटांत 40 मिली रस जमला असेल, तर स्राव 3.2 मिलिइक्विव्हॅलंट ठरतो. चारही नमुन्यांची बेरीज म्हणजे तासाचा स्राव.

मूलभूत स्राव ताशी 15 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त आणि उत्तेजित स्रावाच्या 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास झोलिंगर-एलिसन विकाराची (गॅस्ट्रिन स्रवणाऱ्या गाठीमुळे आम्ल अतोनात वाढते असा विकार) शंका घेऊन रक्तातील गॅस्ट्रिन हे आम्लस्राव वाढवणारे संप्रेरक तपासतात. याउलट उत्तेजनानंतरही आम्ल आढळले नाही, तर जठराच्या अस्तराचा ऱ्हास झाला असण्याची शक्यता असते. मात्र तसे लिहिण्यापूर्वी औषधे खरोखर थांबवली होती का, हे रुग्णाला पुन्हा विचारावे.