पत्रकार-लोकप्रतिनिधीचं चरित्र लिहायचंय? मग असं लिहा

जळगावच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली. हल्ली कॉलेजातली मुलं चरित्रलेख दाखवायला घरी येतात. वर्तमानपत्रातून लोकसभेत, विधानसभेत गेलेला माणूस निवडला असेल, तर त्यांना मी पहिलं हेच सांगतो, की त्याच्यातला पत्रकार आणि प्रतिनिधी ज्या प्रसंगात समोरासमोर आले तो आधी हुडका. सगळा लेख त्याच्यावर उभा करायचा.

अमेरिकेचे पत्रकार होरेस ग्रीली घ्या. जन्म १८११, गरीब शेतकऱ्याचं घर, व्हरमाँटमधल्या छापखान्यात उमेदवारी, १८३१ साली न्यूयॉर्क, १० एप्रिल १८४१ रोजी स्वतःचं दैनिक ‘ट्रिब्यून’, किंमत एक सेंट. एवढं एका परिच्छेदात उरका. छापखान्यातली उमेदवारी मात्र गाळू नका. आमच्या धंद्यात एकेक अक्षर बोटाखालून जायचं, तपासून घ्यायची सवय तिथंच लागायची.

आता मुख्य प्रसंग. डिसेंबर १८४८ मध्ये ग्रीली रिकाम्या झालेल्या जागेवर प्रतिनिधीगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गेले, तेही जेमतेम तीन महिन्यांसाठी. सभासदांना प्रवासभत्ता मिळे: दर २० मैलांना ८ डॉलर, तोही ‘नेहमीच्या वाटेनं’ मोजून. ग्रीलींनी टपालाच्या सर्वांत जवळच्या वाटेचे मैल काढले, शेजारी प्रत्येकानं लावलेले मैल ठेवले आणि नावानिशी तक्ता छापला. सभागृह खवळलं. तक्त्यात त्यांच्याच व्हिग पक्षाचे इलिनॉयचे सभासद अब्राहम लिंकनही होते.

इथं घाई करू नका, हिशेब वाचकासमोर मांडा. लिंकन यांचे लावलेले मैल १,६२६, जवळची वाट ७८०, फरक ८४६. जाऊन-येऊन १,६९२. मैलाला ४० सेंट, म्हणजे ६७६ डॉलर ८० सेंट जास्तीचे. आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळावं म्हणून सांगा, चोपड्याहून धुळं अमळनेरमार्गे जवळ पडत असताना बिल जळगावमार्गे लावायचं, तसं हे.

पण लगेच ‘चोर’ लिहू नका. बेकायदा काही नव्हतं, कायद्यातल्या ‘नेहमीच्या वाटे’तच ती फट होती, आणि ग्रीलींचा रोख त्या कायद्यावर होता. हे सोडलंत तर लिंकनवर अन्याय होतो आणि ग्रीलीही नुसते भांडखोर वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. ज्यांच्या शेजारी रोज बसायचं, त्यांचीच नावं छापायला धैर्य लागतं.

बाकीचं थोडक्यात घ्या: भूमिहीनांना सरकारी जमीन मिळावी म्हणून आणलेलं विधेयक, गुलामगिरीविरुद्धचे अग्रलेख, १८७२ ची अध्यक्षपदाची लढत, तेव्हाचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्याकडून पराभव आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मृत्यू.

लेख छापायला देण्याआधी आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. तुम्ही मूळ कागदावर बोट ठेवून बसा. स्वतःच लिहिलेला आकडा स्वतः वाचताना डोळा चूक झाकतो.